धर्माजीच्या फुग्यांतली हवा

दार लोटून घे रे ज्ञानेश्वर, आन मोबाईल ठेवा बाजूला. ही गोष्ट इकडनं तिकडनं आलेली न्हाई. गोरख माझा मावसभाऊ, पिंपरी पेंढारचा. त्यानं मला सोता सांगितली, आन राजमहंमद मिस्त्री शेजारी बसून ऐकत व्हता. तो मधी एकदा बी न्हाई म्हणाला न्हाई.

सव्वीस नोव्हेंबर, दोन हजार चोवीस. मंगळवार. रात्री पाऊणला गोरखला फोन आला. येडगाव धरणाच्या रस्त्याला कांद्याचा ट्रक साईडपट्टीवरनं खाली गेलाय, ओढायला या. गोरखचं कामच ते. भरलेला ट्रक ओढून काढणारी टोचनची मोठी गाडी व्हती त्याची. एरवी कुरकुरत उठायचा, पन त्या रात्री लगेच निघाला. त्या दिवशीच त्यानं गाडीला धर्माजीचे फुगे बसवले व्हते.

आता फुगे म्हंजे काय, ते ऐका. टोचनगाडीचे खालचे स्प्रिंगचे पाटे लई जाड, ओझं पेलायचे. मागं ट्रक अडकवला की ठीक चालते. रिकामी निघाली की नुसती उसळते. गोरखचे मणके खिळखिळे झाले व्हते. नारायणगावचा धर्माजी त्याच धंद्यातला, दोघं एकाच उस्तादाकडं गाडी शिकलेले. धर्माजीनं राजमहंमद मिस्त्रीकडनं दोन-दोन पाटे कमी करून घेतले आन मागं दोन्ही बाजूंना हवेचे रबरी फुगे बसवले. मग डॅशबोर्डवर चहाचा पेला ठेवून तो आळेफाट्यापत्तोर जायचा. थेंब सांडायचा न्हाई.

गोरखला ते सलायचं. एकदा त्याची बायको वैजयंती धर्माजीच्या गाडीत बसून बाजारातनं आली. उतरल्यावर सहज म्हणाली, "भाऊजींच्या गाडीत झोप लागली मला." त्या दिवशी गोरख जेवला न्हाई.

मग धर्माजी गेला. गाडी चालवतानाच, छातीत कळ येऊन. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गोरख त्याच्या दारात हजर. धर्माजीची बायको लंकाबाई ओट्यावर बसली व्हती.

"वहिनी, धर्माजीनं मला शब्द दिला व्हता. म्हणला, माझ्यामागं फुगे तुझे."

लंकाबाई बघत राहिली. "मला तर म्हणायचे, गोरखला माझी गाडी बघवत न्हाई."

"चेष्टेनं म्हणला असंल."

"न्या मग," ती म्हणाली.

शब्दबिब्द काय न्हवता, पोरांनो.

तर गोरख कालव्याच्या रस्त्याला लागला. रस्ता खड्ड्यांचा, पन गाडी तरंगत व्हती. त्याला इतकं बरं वाटलं, की मोठ्यानं बोलला, "बघ धर्माजी, आता कोन चालवतंय."

गाडी डावीकडं बसली.

जड मानूस पायरीवर पाय देऊन आत चढतं ना, तशी. दार उघडलं न्हवतं.

गोरख थांबला. बॅटरी घेऊन उतरला. काटा लावून हवा बघितली. दोन्ही फुग्यांत सारखी. गाडी सरळ उभी. वर चढला. निघाला.

परत डावीकडं बसली...

बाजूच्या सीटकडं त्यानं बघितलं न्हाई. सीटचं रेक्झीन मात्र करकरलं. एकदा... थोड्या वेळानं परत एकदा.

"कोन हाय?"

...

"धर्माजी?"

...

"मी वहिनीला खोटं बोललो," गोरख म्हणाला. "जळत व्हतो रे तुझ्यावर. तू गेल्यावर बी जळत व्हतो."

डावी बाजू हळूहळू वर आली. गोरखला वाटलं, सुटलो.

मग उजवी बाजू खाली गेली.

त्याची बाजू.

मांड्यांवर वजन आलं. छातीला पाठ टेकली. गार... स्टिअरिंगवरनं त्याचे हात कुनीतरी बाजूला सारले. रागानं न्हाई. आपल्या जागेवर दुसरं कुनी बसलं, तर आपन सारतो तसे.

गाडी आपसूक कडेला गेली. थांबली. हँडब्रेक ओढल्याचा आवाज झाला.

गोरख त्या वजनाखालनं निघून डाव्या दारानं खाली पडला, आन येडगावपत्तोर पळत गेला.

सकाळी मिस्त्रीला घेऊन त्यानं फुगे काढले, लंकाबाईच्या दारातल्या गाडीला परत बसवले. तिच्यासमोर खरं बोलला. ती एवढंच म्हणाली, "आता त्या गाडीला कुनी हात लावायचा न्हाई." गोरख आता कमरेला पट्टा बांधून गाडी चालवतो. उसळते तशी उसळू देतो.

मिस्त्री सांगतो, फुग्यांतली हवा पंधरा दिवसांत उतरते. इंजिन चालू करून न्हाईतर पंप लावून परत भरावीच लागते. धर्माजीच्या गाडीची बॅटरी काढलेली. दीड वर्स इंजिन चालू झालं न्हाई, हवा भरायला कुनी गेलं न्हाई.

परवा मी लंकाबाईकडं गेलतो. वाकून गाडीखाली हात घातला, दोन्ही फुगे दाबून बघितले.

ताठ व्हते.