भीतीनं ओसरणारा पूर

नागपूरच्या बालखेळ परीक्षण केंद्रात एक रीत होती. कुठल्या नियमात ती लिहिलेली नव्हती, पण पाळत सगळेच. जो खेळ परीक्षक जगातल्या पोरांच्या हाती द्यायला निघालाय, तो आधी त्यानं आपल्या घरच्या पोराला खेळायला द्यायचा. "आधी आपल्या ताटात वाढा, मग पंगतीत," असं जुने परीक्षक म्हणत. हेमंत उमरेडकरनं ही रीत अगदी मनापासून पाळली, आणि तीच त्याला भोवली.

त्या दिवशी प्रयोगशाळेतल्या पडद्यावर 'पाणमांजरीचं पिल्लू' हा खेळ होता. याच नावाचा चित्रपट उन्हाळ्यात येऊन गेला होता आणि घरोघरची पोरं तो बघून ढसाढसा रडली होती. पुरात आई वाहून जाते आणि पिल्लू काठावर ओरडत राहतं. कंपनीनं आता त्याचा खेळ केला होता, चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी. त्यातलं काठावरचं पिल्लू म्हणजे खेळणारं मूल.

हेमंतसमोर डॉ. सरोज मेश्राम बसल्या होत्या, केंद्रातल्या बालमानसतज्ज्ञ. वयानं मोठ्या आणि जिभेला हाड नसलेल्या.

"चित्रपटात पोर नुसतं बघत असतं, उमरेडकर," त्या म्हणाल्या. "इथं आईला वाचवायचं त्याच्या अंगावर टाकलंय. ते वाचवतं कसं, तेवढं सांगा मला."

"मुलाच्या कपाळाला ही भावपट्टी असते. नाडी, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या, सगळं वाचून ती भयांक काढते, म्हणजे भीतीचा आकडा. भयांक मर्यादेच्या वर गेला की खेळ आपणहून सौम्य होतो. पूर ओसरतो, आई काठाला लागते. त्यामुळे सोसवणार नाही इतकं कुठलंच मूल घाबरत नाही. हे आलेख बघा. प्रत्येकाचा भयांक चढतो आणि लगेच उतरतो. रात्रीची झोप सुद्धा सगळ्यांची छान आहे."

"आणि जे घाबरतच नाही?"

"त्याच्यासाठी पूर वाढत जातो. त्यालाही थोडी मजा यायला हवी ना, मॅडम."

मेश्राम मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग ह्या खेळात आईला वाचवतं कोण? दोरी नाही, पोराची हुशारी नाही. भीती वाचवते."

"मुलांना हे कळत नाही. त्यांना वाटतं, आपण दोरी ओढली म्हणून आई आली."

"तुम्हाला कळत नाही, असं म्हणा. पोरांना असलं बरोबर कळतं. पाच वर्षांच्या पोराला वाटत असतं की सगळं जग आपल्या मनावर चालतं. मी रुसले म्हणून पाऊस आला! हा भ्रम जातो कसा? पोर रुसतं आणि जग ढुंकूनही बघत नाही, म्हणून जातो. जग त्यांना रोज खोटं पाडतं, तेव्हा कुठे ती शहाणी होतात. तुमचा हा खेळ त्यांना एकदाही खोटं पाडत नाही. मला आणखी काही महिने चाचणी हवी."

काही महिने! हेमंतला तर पुढचा आठवडा कसा जाईल याचाच घोर होता. त्याची बायको वसुधा मेंदूला सूज येऊन दवाखान्यात बेशुद्ध पडली होती. डॉक्टर रोज तेच सांगत, वाट बघू या. केंद्र, दवाखाना, घर असा त्याचा घाण्याचा बैल झाला होता, आणि घरी बालवाडीत जाणारी लेक रुंजी. तिला जो तो सांगायचा, शहाणी ना तू, मग घाबरायचं नाही, रडायचं नाही. पोरगी बिचारी खरंच रडत नव्हती.

रीतीप्रमाणे त्यानं खेळ तिला दिला होता. सुरुवातीला तिचा भयांक हलेचना आणि पाणमांजरीण बुडून जायची. मग एके दिवशी रुंजी थरथरली, तिला घाम फुटला, आणि आई काठाला लागली. पोरगी टाळ्या पिटत नाचली. कित्येक दिवसांनी घरात हसू ऐकून हेमंतला भरून आलं. आणखी कसला पुरावा हवा? त्यानं मंजुरी दिली. मेश्राम मॅडमचा विरोध रीतसर नोंदवला गेला, आणि नोंदवलेल्या विरोधाचं जे होतं तेच त्याचं झालं.

खेळ घरोघरी पोचला. थोड्या दिवसांनी शेजारच्या कुंदाकाकू सांगायला आल्या. रुंजी दुपारी न्हाणीघरात दिवा मालवून बसते. कोपऱ्यावरच्या चावऱ्या कुत्र्यापुढे हात धरते. "आईची आठवण येत असेल हो लेकराला," काकू म्हणाल्या. हेमंतनं मान डोलावली. त्याच्या डोक्यात त्या दिवशी वसुधाचे रिपोर्ट होते.

रविवारी सकाळी तो गच्चीवर कपडे वाळत घालायला गेला, आणि त्याच्या हातातली बादली सुटली. रुंजी कठड्यावर उभी होती. खाली चार मजले. पोरगी लटलट कापत होती.

"पुढे येऊ नको, बाबा," ती म्हणाली. "तू आलास की मला भीती वाटत नाही. अजून पुरेशी झाली नाहीये."

त्यानं झडप घालून तिला खाली ओढलं आणि घट्ट उराशी धरलं. त्याला मेश्राम मॅडमचा शब्द न् शब्द आठवत होता. आपल्याच हातानं आपण हे लेकराच्या ताटात वाढलं, या विचारानं त्याला स्वतःची किळस आली.

"रुंजी, तो खेळ होता गं. खरी आई अशी बरी होत नाही."

"मी पूर्वी घाबरतच नव्हते ना, म्हणून ती उठत नाही."

समजावून काय उपयोग? ह्या वयात शब्द नाही, अनुभवच खोटं पाडतो. मॅडमचंच म्हणणं ते. मग हेमंतमधला परीक्षक जागा झाला. त्याला वाटलं, प्रयोग पोरीनं केलाच आहे, तर निकालही तिलाच दाखवू.

"आज तू खूप घाबरलीस ना?" त्यानं विचारलं. "इतकी कधीच घाबरली नव्हतीस ना?"

तिनं मान हलवली.

"मग चल दवाखान्यात. आई कालच्यासारखीच झोपलेली असेल. तू स्वतःच्या डोळ्यांनी बघ, म्हणजे तुझी खात्री पटेल. आणि परत असलं करायचं नाही. कबूल?"

"कबूल."

रिक्षात तिचा हात हातात धरून बसलेल्या हेमंतनं मनातल्या मनात देवाकडे जे मागितलं, ते कुठल्याही नवऱ्यानं मागू नये. आजचा एक दिवस वसुधा तशीच राहू दे, एवढंच तो मागत होता. उद्या उठव, पण आज नको.

अतिदक्षता विभागाच्या दारातच सिस्टर त्यांना भेटल्या. त्यांचं तोंड नुसतं फुललं होतं.

"अहो, तुम्हालाच फोन लावत होते! तुमच्या मिसेसनी डोळे उघडले. आत्ता, अर्ध्या तासापूर्वी. मुलीचं नाव घेतलं त्यांनी."

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. हे हेमंतला कळत होतं. सूज गेले तीन दिवस उतरत होती, औषधं लागू पडली होती, गच्चीचा आणि वसुधाचा काडीचाही संबंध नव्हता. पण हे पाच वर्षांच्या पोरीला आता कोण पटवणार? तो भिंतीला टेकला आणि रडू लागला. सिस्टरना वाटलं, आनंदानं रडताहेत.

रुंजीला मात्र नवल वाटलं नव्हतं. काचेपलीकडे आईनं कष्टानं मान वळवून तिच्याकडे बघितलं, तशी तिनं हात हलवला. मग हेमंतचा सदरा ओढून तिनं हळूच विचारलं,

"बाबा, आई घरी यायला हवी असेल तर कुठून उभं राहावं लागेल? आपल्या गच्चीपेक्षा उंच काय आहे?"