शिवणीत गेलेली मुलगी

काम साधं होतं. बाइंडरकडे जायचं, नव्या पुस्तकाची नमुना प्रत घ्यायची आणि दुपारच्या चहाला घरी परतायचं. लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढण्यात माझी उभी हयात गेली. ससे, हत्ती, ढग काढून बोटं झिजली. पण माणसाचं मूल काही मला कधी नीट साधलं नाही. म्हणून या वेळी मी आमच्या चिमीलाच समोर बसवलं होतं. उशिरा झालेली एकुलती एक लेक, आम्हा दोघांचा जीव की प्राण.

बाइंडरने प्रत उघडून मधलं पान माझ्यापुढे सरकवलं.

"साहेब, पोरगी शिवणीत गेली की तुमची."

दोन पानांवर पसरलेलं रान आणि चिमी बरोबर मधोमध. पानं जिथे शिवतात तिथे चेहरा काढायचा नाही, हे मी नवशिक्यांना कानीकपाळी ओरडून सांगतो. आणि इथे मीच माती खाल्ली. घडीच्या एका बाजूला कोपर दिसत होतं, दुसऱ्या बाजूला अर्धी वेणी. बाकीची मुलगी दोऱ्याखाली. ओल्या खळीचा वास नाकात बसला होता. आम्ही दोघंही हसलो.

घरी आलो तर बायको दारातच उभी. चिमी मघापासून पडून आहे, ताप नाही, खोकला नाही, पण श्वास पुरत नाही म्हणते, असं तिने सांगितलं. मी आत गेलो. खोलीत तोच खळीचा वास. पोर अंग चोरून कुशीवर पडली होती.

"बाबा... दोन्हीकडून दाबतंय."

"काय दाबतंय गं?"

"पानं..."

पुस्तक तिने अजून पाहिलंही नव्हतं. कात्री घेऊन मी प्रतीचा दोरा कापला आणि मधली पानं सुटी केली. चिमीने मोठा श्वास सोडला आणि पाणी मागितलं. बायको रडायलाच लागली.

कागदावरची चिमी आता पूर्ण दिसत होती. मी तिला हसरी काढली होती. ती हसत नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. बाइंडर होता.

"साहेब, सगळी आवृत्ती शिवायला घेतली बरं का."

"थांबवा" म्हणून मी ओरडलो. मशीनच्या आवाजात त्याला ते ऐकू गेलं नाही. फोनमधून नुसतं येत राहिलं, खट्... खट्... खट्... आणि प्रत्येक खट्‌बरोबर आतल्या खोलीत चिमीचा श्वास अडकत होता.