हो म्हणणाऱ्या बाया

पवनचक्कीच्या मनोऱ्यावर चढण्याआधी यशोमती भिलारे कमरेचा पट्टा आवळायची, हेल्मेट घालायची आणि पायथ्याच्या दाराला अंगठा लावायची. दार उघडायचं. त्या सोमवारी ते उघडलं नाही. पडद्यावर लाल अक्षरं आली: 'व्यसनप्रवण. चढण्यास मनाई.'

व्यसन! चहा सोडला तर यशोमतीला कशाचीही तलफ ठाऊक नव्हती.

हा प्रताप 'स्वभावदर्पण'चा होता. कामगारांचं रक्त आणि लघवी तपासायला कायद्याने बंदी आल्यापासून कंपन्यांनी ही नवी युक्ती काढली होती. पडद्यासमोर बसायचं आणि आपल्या स्वभावाबद्दलच्या शेकडो प्रश्नांना 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. यंत्र त्या उत्तरांची ठेवण पाहून सांगायचं, की हा माणूस नशा करतो का, किंवा पुढेमागे करेल का. गंमत म्हणजे त्यात दारूबद्दल एकही प्रश्न नव्हता. सरळ विचारलं की माणसं खोटं बोलतात, म्हणून आडून विचारायचं, असा त्यामागचा शहाणपणा.

साइट इंजिनिअर मुजावर साहेबांनी तिला केबिनमध्ये बसवलं. "पोलिसांनी कधी ताब्यात घेतलंय का, याला तू 'हो' म्हणालीस?"

"घेतलंय की."

"रागाच्या भरात तोडफोड?"

"केलीय."

"धोका पत्करायला आवडतं?"

"साहेब, आवडत नसतं तर एवढ्या उंचीवर लोंबकळले असते का?"

मुजावरांना हसू आलं, पण ते टिकलं नाही. "यशू, ऐक माझं. परत परीक्षा दे आणि तिन्हीला 'नाही' म्हण. नाहीतर व्यसनमुक्ती केंद्रात जावं लागेल आणि ती नोंद जन्मभर पुसली जाणार नाही. कुठलीच कंपनी तुला मनोऱ्यावर चढू देणार नाही."

"म्हंजे खोटं बोलले की मी शुद्धीवर?"

मुजावर कागद चाळत बसले.

पंधराव्या वर्षी यशोमतीने आईबरोबर गावातली हातभट्टी फोडली होती. पोलीस आले आणि त्यांनी भट्टीवाल्याला सोडून बायांनाच गाडीत घातलं. पुढे त्याच बायांनी मतदान घडवून गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं, बाटली कायमची आडवी केली. यशोमतीला त्या दिवसांचा अभिमान होता. नोकरीसाठी त्या दिवसांपुढे 'नाही' लिहायची तिची मुळीच तयारी नव्हती.

तिने हरकत घेतली. ती ऐकायला 'स्वभावदर्पण' चालवणाऱ्या संस्थेच्या मानसतज्ज्ञ, डॉ. केतकी नाडगौडा, पवनचक्क्यांच्या पठारावर आल्या. कॅन्टीनमध्ये यशोमतीबरोबर तिची आई चंद्राबाई आणि भट्टी फोडणाऱ्या साऱ्याजणी ऐसपैस बसल्या होत्या.

"आधी ह्यांची परीक्षा घ्या," यशोमती म्हणाली.

डॉक्टर घुटमळल्या, पण त्यांनी टॅब पुढे केला. पोलिसांचा प्रश्न आला तसं चंद्राबाई "व्हय!" म्हणाली, ते नातवंडं किती असं कुणी विचारल्यासारखं कौतुकाने. निकाल लाल. दुसरीचा लाल, तिसरीचा लाल. एकीचाही हिरवा आला नाही.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे यंत्र ज्यांच्या उत्तरांवरून शिकलं, ते परदेशातल्या व्यसनमुक्ती केंद्रांमधले पुरुष होते. त्यांच्यात ही उत्तरं वारंवार दिसली."

"आन् आमच्यासारख्यांवर तपासलं का?" यशोमतीने विचारलं.

"तुमच्यासारख्यांवर ते कुणी पडताळून पाहिलंच नाही," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाल्या.

"मग त्याला दारू पिणारा आन् दारूची भट्टी फोडणारा सारखाच दिसायचा," चंद्राबाई म्हणाली.

"यशोमतीचा निकाल मी बदलू शकते. अपवाद म्हणून."

"अपवाद नको," यशोमती ताडकन उठली. "त्या पडद्यापुढं असे किती जण लाल झाले असतील! यंत्र बंद करा, न्हाईतर आमा सगळ्यांना गाडीत घाला. गाडीची सवय हाय आमाला."

बाया खदखदून हसल्या. डॉक्टर मात्र टॅबकडे बघत राहिल्या. पडद्यावर दोन पर्याय होते. 'अपवाद मंजूर' दाबलं तर प्रकरण इथेच मिटत होतं. 'चाचणी स्थगित' दाबलं तर राज्यातला प्रत्येक पडदा बंद पडणार होता, आणि त्याचा जाब त्यांना एकटीला द्यावा लागणार होता.

"बाई, तुमी दिली का ही परीक्षा?" यशोमतीने विचारलं.

"दिली."

"काय आलं?"

"हिरवं."

यशोमतीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. तिच्या आवाजात आता चेष्टा नव्हती.

"म्हंजे आजवर तुमी एकदाबी काई फोडलं न्हाई?"