पार्वतीची ऊब

नात अक्षदाचं लग्न झालं ते २०२३ साल. मांडव उतरल्यावर आठ दिवसांनी माझी बायको पार्वती चुलीपाशी पडली. मेंदूत रक्ताची बारीक गाठ निघाली. महिन्याभराने ती हिंडूफिरू लागली, पण डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"मेंदूत शरीराची ऊब सांभाळणारी बदामाएवढी जागा असते. ताप किती चढवायचा, घाम केव्हा आणायचा, हुडहुडी कधी भरवायची, ते तीच ठरवते. आजींची ती जागा दुखावली आहे. आता खोली गरम तर त्या गरम, खोली गार तर त्या गार. रोज दोनदा ताप मोजून लिहून ठेवा."

साठीनंतर अक्षदाने मला अक्षरं आणि आकडे शिकवले होते, म्हणून वही माझ्याकडे आली. जाळ्याची नवी दोरी पाण्यात टाकण्याआधी आम्ही मच्छीमार ती ओढून बघतो. तसा मी आधी स्वतःचा ताप मोजायचो, मग तिचा.

माझा ९७.८, तिचा ९७.८. संध्याकाळी माझा ९८.४, तिचाही तेवढाच.

मे महिन्यात देवबागची वाळू पाय भाजत होती, खोलीत आम्ही सगळे घामाने निथळत होतो. तिच्या कपाळावर थेंब नव्हता, आणि तिचा आकडा माझ्याएवढाच. ताप मोजायची कांडी बिघडली म्हणून नवी आणली. तिनेही तेच दाखवलं.

पार्वती हसली. "बावन वर्सां तुमचा आयकलंय. आता तापाचा पण आयकुचा?"

मलाही बरं वाटलं. दोघं पडवीत बसून सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलायचो.

त्या कार्तिकात रापणीचं लांब जाळं किनाऱ्याकडे ओढायला मी तासभर छातीएवढ्या पाण्यात होतो. घरी आलो तर सून सारिका दारातच उभी.

"बाबानू, खंय व्हतास? आयेचा आंग बर्फासारख्या झाला हा!"

मी अंग पुसलं, गरम पेज प्यायलो. पार्वतीने पेजेला हात लावला नव्हता. अर्ध्या तासाने तिचे हात ऊन झाले.

तेव्हापासून मी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलो नाही. रापणीवरचे हसायचे, "काशीकाका, म्हातारपणात पाण्याक भियालास?" मी काठावरून दोरी धरायचो. मी बरा तर ती बरी, एवढं मला कळलं होतं.

पुढच्या पावसाळ्यात मला मलेरिया झाला. १०३. तिलाही १०३. ताप दोघांचा एकाच घटकेला चढायचा. डॉक्टरांनी दोघांचं रक्त तपासलं. जंतू फक्त माझ्यात निघाले.

मग ती सकाळ. पार्वती उठली नाही.

डॉक्टर आले. श्वास नाही, नाडी नाही. यंत्राच्या पट्टीवर सरळ रेघ. मी कांडी लावली. ९८.२. माझाही तेवढाच.

दुपार झाली. अंगणात तिरडीचे बांबू येऊन पडले. ती तशीच उबदार. गालावर लाली.

"शरीर गरम असताना मी दाखला देणार नाही," डॉक्टर म्हणाले.

सारिका माझ्याकडे बघत होती. "आये परत येतली काय, बाबानू?"

मी जेवत राहिलो असतो, श्वास घेत राहिलो असतो, तर ती तशीच राहिली असती. तसा विचार माझ्या मनात आला, लपवत नाही.

मग मी उठलो आणि समुद्रात गेलो.

गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहिलो. दात वाजायला लागले. मग वाजायचे थांबले. बोटं आहेत की नाहीत ते कळेना.

काठावर सारिका आली.

"भायर येवा, बाबानू. थंड झाली."

कोणी चहा दिला. मी घेतला नाही. शेकोटीपाशी गेलो नाही, पंचाही बदलला नाही.

मुलगा रविराजने अग्नी दिला. मी लांब, गार वाऱ्यात, चितेची धग पोचत नव्हती तिथे उभा होतो. ओला पंचा माझ्या अंगावर बघता बघता सुकला.

पार्वती गेली ती १७ जानेवारी २०२५ला, सकाळी साडेसहाला. दाखल्यावर डॉक्टरांनी संध्याकाळचे पाच लिहिले आहेत. मी तो दोनदा वाचला आणि तसाच राहू दिला.