सावलीतलं कुंकू

निमगाव केतकीच्या बाजाराला त्या दिवशी लिंबंवाली साखरबाई आलीच नाही, आणि ती आली नाही म्हणून छबूची लिंबं अडली.

श्रावणाचा दुसरा आठवडा होता. सकाळपासून भुरभुर चालू होती. लुगडं भिजत नव्हतं, पण वाळतही नव्हतं. छबूने बाजाराच्या दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला विड्याच्या पानांच्या रांगेच्या टोकाला एक नवा माणूस दिसला. डोक्यावर गोणपाटाची खोळ, पुढ्यात लिंबांचा ढीग, आणि विकायची घाई अजिबात नाही.

छबू खाली बसली. एक लिंबू उचललं, नखाने टोचलं, हुंगलं, ठेवून दिलं. दुसरं उचललं. मग तिसरं.

"घ्यायची हायेत, का नुसती वळख करून घ्यायची हाय?" त्याने विचारलं.

"चाखल्याबिगर मी घेत न्हाय."

त्याने विळ्याने एक लिंबू कापलं आणि अर्धी फोड पुढे केली. छबूने ती दातांत धरून पुरती पिळून घेतली. भुवई हलली नाही, पापणी लवली नाही. उलट बघणाऱ्याचेच डोळे मिटले, तोंड वाकडं झालं. ते पाहून तिला हसू आलं, पण तिने ते पदराआड ठेवलं.

"आंबट... न्हाय लागलं?"

"लागलं. पर कमी हाय. आनखी दोन दिस झाडाला ऱ्हायला हवी हुती."

"मानसाला आनखी किती आंबट लागतं वो?"

"मानसाला न्हाय," छबू म्हणाली, "हळदीला."

असं ते सुरू झालं. त्याचं नाव सावळाराम. सणसरला कालव्याच्या पाण्यावर त्यांचा मळा होता. थोडा ऊस, थोडा भाजीपाला आणि बांधाला धरून साठ लिंबाची झाडं. ही लिंबं आजवर बारामतीला जात. त्या दिवशी रस्त्यात बैल लंगडला म्हणून त्याने गाडी जवळच्या बाजाराला वळवली होती. पुढच्या आठवड्याला बैल धड होता, तरी गाडी निमगावलाच आली. लिंबंही आणखी दोन दिवस झाडाला राहिलेली होती.

छबूचं कुंकू पंचक्रोशीत नावाजलेलं होतं. बाजारात तयार मिळणारी तांबडी पूड नव्हे, घरी केलेलं कुंकू. हळकुंडं फोडायची, त्यांना सवागी म्हणजे टाकणखार चोळायचा आणि लिंबाचा रस पाजत राहायचं. पिवळी हळद हळूहळू आतून लाल होत जाते. रस पाजायला तीन दिवस, सावलीत वाळायला नऊ, कुटायला आणि वस्त्रगाळ करायला दोन. शेवटी तिळाच्या तेलाचा एक थेंब. बायका ते 'छबूचं कुंकू' म्हणूनच मागत. कुवार पोरीच्या हातचं, म्हणून देवीलाही तेच चाले.

आता सावळाराम दर बाजाराला लिंबांचं पोतं ओढ्याकाठच्या त्यांच्या घरी आणून टाकू लागला. छबूची आई ठमाबाई तो आला की आत जाई आणि दाराआडूनच बोले. ती विधवा. छबू सात वर्षांची असताना नवरा गेला, त्याला आता बारा वर्षं झाली होती. सावळाराम पोतं ठेवायचा आणि दाराकडे बघून म्हणायचा, "मामी, रामराम."

दोन वेळा छबूने ऐकून सोडून दिलं. तिसऱ्या वेळी विचारलं, "माझी आय तुमची मामी कवापास्नं झाली?"

"आपली... म्हनायची पद्धत."

"पद्धत ठावं हाय मला. मामीच्या लेकीवर कुनाचा हक असतो, त्ये बी ठावं हाय."

सावळारामने रिकामं पोतं झटकलं, घडी घातली, पुन्हा उलगडलं. "मग बरं झालं," तो म्हणाला. "मला निराळं सांगाय नगं."

छबूने लिंबं मोजून घेतली. पण त्या दिवशी रस पिळताना तिला चार लिंबं दोनदोनदा पिळल्याचं कळलंही नाही.

दोन्ही घरं एकमेकांच्या सोयरिकीत बसणारी होती. अडचण तिथे नव्हतीच. छबूला याआधी दोन स्थळं सांगून आली होती. एक मोरगावचं, एक इंदापूरचं. दोन्ही तिने परतवली. गावाला वाटे, पोरगी मिजाशीची आहे. खरं कारण फक्त दोघी मायलेकींना माहीत होतं.

मग सावळारामने ती चूक केली.

देवळाचं नवरात्राचं पाच शेर कुंकू दरवर्षी छबूकडून जाई. घटाला सोळा दिवस उरले होते आणि आठ सुपं भरून लाल झालेली हळकुंडं आतल्या खोलीत पसरलेली होती. त्या बाजाराला विकायला कुंकू नव्हतं, म्हणून मायलेकी ओढ्यावर धुणं धुवायला गेलेल्या. तीन दिवसांनी ढग फाटून लख्ख ऊन पडलं होतं. सावळाराम पोतं घेऊन आला, तर घरात कुणी नाही, दाराला नुसती कडी. पोतं आत ठेवताना त्याने सुपांत हात घातला. ओलं होतं. शेतकरी माणूस. मिरची असो, शेंगा असोत, हळद असो, ओलं दिसलं की उन्हात घालायचं एवढंच त्याला ठाऊक. त्याने आठही सुपं एकेक करून अंगणात मांडली, कोंबड्या येऊ नयेत म्हणून भोवती काट्या लावल्या आणि आपण मोठं काम केलं अशा समाधानात तो बाजारात जाऊन बसला.

दोघी परतल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आठही सुपांतली हळकुंडं विटकरी झाली होती. कुंकवाचा रंग उन्हाला टिकत नाही. एकदा उडाला की कशानेही परत येत नाही.

छबू ओरडली नाही. एक सूप उचललं, तशीच बाजारात गेली आणि सावळारामच्या लिंबांवर ते पालथं केलं. शेजारचे पानवाले बघत राहिले.

"काय झालं?" तो उठून उभा राहिला.

"तुमी वाळवलंसा. लिपा आता भिताडाला."

तिने मग कारण सांगितलं आणि ते ऐकता ऐकता त्याचा चेहरा हळकुंडांसारखाच उतरत गेला. देवळाला कुंकू गेलं नाही, तर पुजारी बारामतीहून तयार माल मागवणार होते. एकदा तो सुरू झाला की पुढच्या वर्षी कशाला थांबतील?

"किती दिस लागत्याल नव्यानं कराय?"

"चौदा. आनि हातात सोळा हायेत. पर दोघींच्या हातानं एवढा रस निघायचा न्हाय."

दुसऱ्या दिवशी उजाडताच सावळाराम दारात उभा होता. बैलगाडीत चार पोती लिंबं, बाजारातून उचललेली हळद आणि सवागीची पुडी. तो परसातल्या दाराने आत आला, कारण पोती तिकडून जवळ पडत. तिथे ठमाबाई बसली होती. तिच्यापुढे परात, परातीत हळकुंडं, आणि तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत लाल. नखांच्या कडा, तळव्यांच्या रेषा, बोटांवरच्या चिरा... बारा वर्षांचा रंग होता तो. एका दिवसात चढत नाही.

ठमाबाईने हात पदरात घेतले. सावळारामने पोतं खाली ठेवलं, बाही सारली आणि विळा मागितला.

तीन दिवस तो रोज आला. पहिल्या दिवशी ठमाबाई पाठ करून बसली, दुसऱ्या दिवशी बाजूला, तिसऱ्या दिवशी समोर. त्या दिवशी तिने त्याला सवागी किती आणि कशी चोळायची ते दाखवलं. त्याचं चुकलं तेव्हा त्याच्या हातावर चापटही मारली. आतली खोली लिंबाच्या वासाने भरून गेली होती. बाहेर पुन्हा भुरभुर लागली होती, आणि छबूला ती कधी थांबूच नये असं वाटत होतं.

ठमाबाई पाण्याला गेली तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "कुंकू मामी करत्यात."

"आनि मी इकते." छबूने मान वर केली नाही. "रांडावल्या बाईच्या हातचं कुंकू कुनी लावंल का? पुष्कळ जनींना वास लागलेला असंल. पर डोळ्यानं बघितलं न्हाय, म्हून घेत्यात. मी उठून दुसऱ्याच्या घरी गेले की बाजारात कोन बसनार? आयनं करायचं तरी कुनासाठी?"

"म्हून दोन स्थळं..."

"म्हून."

सावळारामने एक लिंबू बराच वेळ हातात फिरवलं. चिरलेल्या बोटांना रस झोंबत असणार, पण त्याने तोंड वाकडं केलं नाही. तीन दिवसांत तेवढं शिकला होता.

"तिसरं आलं तर?" त्याने विचारलं.

"तिसऱ्याला बी न्हाय म्हनावं लागंल." ती थांबली. "पर... त्ये म्हनताना जीव जाईल माझा."

पाच शेर कुंकू घटाच्या आदल्या दिवशी देवळात पोचलं. आणि दसरा झाल्यावर चौथ्या दिवशी सावळारामची आई भामाबाई मुलगी बघायला आली.

भामाबाई हे बारीक चणीचं, चढ्या आवाजाचं माणूस. कपाळावर चवलीएवढं कुंकू, तेही छबूचंच. लेकाने तिला काय सांगितलं होतं आणि काय नाही, ते छबूला ठाऊक नव्हतं. ठमाबाईने गुळाचा चहा आत केला, लेकीने बाहेर आणला. भामाबाईने पोरीला चालायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावलं आणि शेवटी म्हणाली, "हाताला गुण हाय पोरी तुझ्या. तुझं कुंकू आमच्या देव्हाऱ्यात बारा वरसं हाय."

इथे गप्प बसली असती तर सगळं तिथेच जुळलं असतं. दाराआडून आई मानेनेच नको नको म्हणत होती. छबूने कप खाली ठेवला.

"मावशी, हात माझा न्हाय. कुंकू माझी आय करती. पयल्यापास्नं. तुमच्या घरात यायचं तर खोटं संगं घिऊन येनार न्हाय मी."

भामाबाईचा हात कपाळाकडे गेला आणि वाटेतच थांबला. चहा तसाच राहिला. ती उठली, चपला घातल्या आणि 'येते'सुद्धा न म्हणता गाडीत जाऊन बसली.

बाजाराला पाच दिवस होते. छबूने ते मोजले. ठमाबाई एकदाच बोलली, तेही रागाने नाही. "कशाला बोललीस गं..." एवढंच. सणसरकडून निरोप आला नाही, लिंबंही आली नाहीत.

बाजारच्या दिवशी आई घरीच राहत असे. त्या दिवशी छबूने तिला हाताला धरून नेलं. बोलायचं ते बोलून झालंच होतं, आता लपवायला काही राहिलं नव्हतं. दोघी गोणपाटावर बसल्या, कुंकवाची परात पुढे, आणि ठमाबाईचे लाल हात उघडे. बायका येत, बघत, पुढे जात. साखरबाईसुद्धा घुटमळली आणि कांदे घ्यायला गेली.

अकराच्या सुमाराला सणसरची गाडी आली. भामाबाई उतरली आणि नीट चालत कुंकवाच्या परातीपुढे येऊन उभी राहिली. तिच्या हातात घरचा पितळी करंडा होता. तिने तो छबूपुढे केला नाही, ठमाबाईपुढे केला.

"भरा," ती म्हणाली. बाजाराला ऐकू जाईल असा आवाज तिला मुद्दाम काढावा लागत नसे.

ठमाबाईने आपल्या लाल तळव्यांकडे पाहिलं. "माझ्या हातानं?"

"मग कुनाच्या? पाच दिस इचार केला मी, इहीनबाई. बारा वरसं तुमच्या हातचं लावतीया. माझा धनी अजून सकाळी उठून माझ्यावर खेकसतोय. भाकरी चार खातोय. आनखी काय पुरावा पायजे?"

कुणीतरी हसलं. मग दुसरी हसली. चार-पाच जणी तोंड फिरवून निघून गेल्या, तेही खरं. त्यांच्यातल्या दोघी पुढे कधीच परत आल्या नाहीत. पण साखरबाई कांदे टाकून आली, आपल्या नवऱ्याच्या भाकऱ्या मोजून दाखवल्या आणि अर्धा पावशेर मागितलं. दुपारपर्यंत परात निम्मी झाली होती. 'इहीनबाई' या शब्दाकडे मात्र त्या गडबडीत फक्त दोघांचंच लक्ष गेलं होतं.

त्यातला एक पलीकडे पानवाल्यांच्या रांगेच्या टोकाला बसला होता. छबू उठून तिकडे गेली. ढिगासमोर बसली. एक लिंबू उचललं.

"चाखल्याबिगर घेनार न्हाय, ठावं हाय," सावळाराम म्हणाला आणि फोड पुढे केली.

छबूने ती दातांत धरली... आणि तिचे दोन्ही डोळे गच्च मिटले, नाक आकसलं, खांदे वर गेले.

"आज आंबट लागलं व्हय?"

तिने डोळे उघडले. आंबटपणाने त्यांत पाणी आलं होतं, आणि सगळं काही आंबटपणाचंच नव्हतं.

"आज पारख न्हवती करायची," ती म्हणाली.