तिसरी फुंकर

रिपेअरिंगच्या धंद्यात सगळ्यात आधी कळतं ते हे की, गिऱ्हाईक खोटं बोलतं. "काही केलं नाही ओ ताई, आपोआप बंद पडला," म्हणून माणूस मिक्सर टेबलावर ठेवतो आणि आतून चिंचोका निघतो. मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही. घरातल्या रेडिओचे स्क्रू काढून परत लावता लावता शिकले. त्यामुळे ऐकलेल्यावर माझा विश्वास नाही. मीटर दाखवील ते खरं.

मारुती मंदिरामागच्या गल्लीत माझं दुकान आहे. सोमवारी दुपारी योगिनीवहिनी नेहमीसारखी डबा घेऊन आली, आणि डब्याबरोबर एक पिशवी. पिशवीत सुजयदादाचा व्हिडिओ गेम.

"कपाट आवरत होते, वन्सं. चालत असला तर कुणाच्या तरी पोरांना देऊन टाकू."

चौऱ्याण्णव साली जहाजावरच्या पहिल्या नोकरीवरून येताना दादाने तो सिंगापूरहून आणला होता. राखाडी खोका, दोन रिमोट, एक कॅसेट. कंपनीने तो प्रकार बंद केला त्यालाही जमाना झाला. सुटे भाग विचारले तर मुंबईचे दुकानदार हसतात. खेळ सोपा. टोपीवाला माणूस विहिरींवरून उड्या मारत जातो, पडला की दुसऱ्या खेळाडूची पाळी. मी दुसऱ्या-तिसऱ्या विहिरीतच जायचे. दोन नंबरचा रिमोट दादाचा. तो मात्र प्रत्येक उडीआधी दोन पावलं मागे यायचा आणि पडायचाच नाही. शेवटी माझं तोंड बघून मुद्दाम विहिरीत उडी टाकायचा. "घे. खेळ गो, रडू नको."

कॅसेट लागली नाही की तो तिच्या खोक्यात बसणाऱ्या कडेच्या पितळी दातांवर तीन फुंकरा मारायचा आणि मग माझ्या हातात द्यायचा. लावायचा मान माझा. तेव्हा आळीतली सगळीच पोरं फुंकरा मारायची. तोंडाच्या वाफेने ते दात हिरवे पडतात, आणि आमच्या खाऱ्या हवेत दुप्पट वेगाने, हे मला फार उशिरा कळलं.

चौदा वर्षांपूर्वी दादा जहाजावरच्या ड्युटीवरून केबिनमध्ये परतला नाही. देह मिळाला नाही, चिठ्ठी नाही. तेव्हापासून वहिनी ना इकडची ना तिकडची. हळदीकुंकवात करंडा तिच्यापाशी आला की बायकांचं बोट जरासं अडखळतं. आता हर्ण्याच्या हर्षदने तिला मागणी घातली होती. विधुर, दोन होड्या, माणूस चांगला. पण त्याआधी कोर्टाने दादाला मयत ठरवायला हवं, आणि त्यासाठी माझं प्रतिज्ञापत्र हवं होतं: सात वर्षांत भावाची कसलीही खबर नाही. सही शुक्रवारी होती.

मी कॅसेट उघडली. आत एक बटणाएवढा सेल असतो, त्याच्या जोरावर खेळ लक्षात राहतो. मीटरवर जेमतेम एक व्होल्ट आला. म्हणजे मेल्यातच जमा. तरी टीव्हीला जोडल्यावर पडद्यावर आलं: टप्पा सात, पाळी दुसऱ्या खेळाडूची. असेल थोडी धुगधुगी, म्हटलं, आणि वहीत आकडा टिपून ठेवला.

मंगळवारी लावला तर टप्पा नऊ.

मी वहिनीकडे बघितलं. ती माझा डबा धूत होती. कुणाकडे फ्रिज बघायला गेले की दुकान तीच सांभाळते, चावी तिच्याकडेही असते. हिला हर्ण्याला जायचंच नसेल, मला वाटलं. नवऱ्याचा खेळ खेळत बसते आणि सांगायची लाज वाटते. बिचारी. मी वहीत नवा आकडा टिपला.

पण संशय हा माझा धंदाच. बुधवारी मी सेल सोल्डर वितळवून काढलाच, आणि दोन नंबरचा रिमोट गुंडाळून घरी नेला.

गुरुवारी टप्पा अकरा. पाळी दुसऱ्या खेळाडूची.

"वहिनी, तू खेळतेस काय गो हे?"

तिने डबा खाली ठेवला. "मी? मला वाटलं तुम्हीच खेळताय."

"मी कशाला खेळू?"

"परवा कुलूप काढून आत आले तर टीव्ही गरम होता. म्हटलं, वन्सं सहीपूर्वी भावाला आठवत बसल्या असतील. कशाला बोला?"

चार दिवस आम्ही दोघी एकमेकींना सांभाळून घेत होतो. हसू आलं मला. तिला आलं नाही.

"लावा बघू," ती म्हणाली. "माझ्यासमोर लावा."

दुपारचे अडीच. शटर अर्धं ओढलं. एक नंबरचा रिमोट जोडला, दोन नंबरची खाच रिकामी. सेल टेबलावर बशीत पडलेला, आम्हा दोघींना दिसेल असा. मी नवा खेळ सुरू केला आणि सवयीने दुसऱ्याच विहिरीत गेले.

दुसऱ्या खेळाडूची पाळी आली. टोपीवाला उभा राहिला.

"आता?" वहिनीने विचारलं.

"आता काही नाही. वेळ संपेल आणि मरेल."

घड्याळाचे आकडे उतरत होते. पंख्याचा आवाज येत होता.

मग टोपीवाला दोन पावलं मागे आला.

पळाला. उडी मारली. पुढच्या विहिरीपाशी थांबला, दोन पावलं मागे आला. उडी. वहिनीने माझं मनगट धरलं.

सहा विहिरी झाल्या. सातवीच्या काठावर तो थांबला, आमच्याकडे तोंड करून. मागे आला नाही.

सरळ आत उडी टाकली.

पडद्यावर आलं: पाळी पहिल्या खेळाडूची.

वहिनीने भिंतीवरचं बटण बंद केलं.

"वन्सं," ती म्हणाली, "उद्या तुम्ही काय लिहून देणार?"

मी कॅसेट काढली, दात स्पिरिटने पुसून कोरडे खडखडीत केले, आणि ओल लागू नये म्हणून तांदूळ भरलेल्या स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावलं.

शुक्रवारी वकिलांनी कागद वाचून दाखवला. "गेल्या सात वर्षांत सदर व्यक्तीविषयी मी काहीही पाहिलेले, ऐकलेले नाही. बरोबर ना?"

वहिनी फरशीकडे बघत होती. पिशवीचा बंद तिने मुठीत आवळला होता. सेहेचाळीस वर्षांची बाई, आणि शाळेच्या दारात उभ्या पोरीसारखी दिसत होती.

"बरोबर," मी म्हटलं आणि सही केली.

गिऱ्हाईक खोटं बोलतं. त्या दिवशी गिऱ्हाईक मी होते.

हर्ण्याला जाण्यासाठी तिला दापोलीच्या गाडीत बसवलं. खिडकीतून तिने हात हलवला नाही, नुसती बघत राहिली. मी दुकानात आले. कॅसेट आजच्या आज फोडून टाकायची ठरवलं होतं. डब्याचं झाकण काढलं, कॅसेट तांदळातून उपसली आणि खिडकीपाशी नेली.

दातांवर वाफ होती. आरशावर तोंडाची बसते तशी.

बघता बघता ती विरली. पितळ लखलखीत झालं.

मग परत आली.

विरली.

तिसऱ्यांदा आली तेव्हा मी श्वास रोखून धरला होता, म्हणजे माझी ती नव्हती. तीही हळूहळू विरली. त्यानंतर काही आलं नाही.

तिसऱ्या फुंकरीनंतर दादा कॅसेट माझ्या हातात द्यायचा. कॅसेट माझ्या हातातच होती.