लेकीच्या घरचं पाणी

मालनला फक्त घटकाभर झोप हवी होती. मुलुंडच्या चाळीतली ती एकच खोली. खाटेवर अंथरुणाला खिळलेली सासू, पाळण्यात तान्हा मुलगा. एकाला पाजावं तर दुसरीची कूस बदलायची वेळ. आपला डोळा लागला आणि सासूबाई पडल्या तर? बाळाच्या तोंडावर दुपटं आलं तर? या धास्तीनं ती रात्रंदिवस जागीच होती.

शेजारी नव्यानं राहायला आलेल्या जानकीबाई त्या दुपारी म्हणाल्या, "डोळे बघ, भोकं पडलीत नुसती! माझ्या खोलीत जाऊन पड जा. मी बसते दोघांपाशी."

मालन गाढ झोपली. जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि जानकीबाई तिथंच उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या.

"अहो, तुम्ही इथं? मग तिकडं कोण आहे?"

"तुझी आई गं. मी गेले तर दारातच उभ्या. हिरवं लुगडं, हातात फिरकीचा तांब्या. म्हणाल्या, लेकीला उठवू नका, मी बसते."

मालन ताडकन उठून बसली. आई भांडुपहून अशीच यायची खरी; विहिणीला न्हाऊ घालायला, लेकीला जरा विसावा द्यायला. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पिऊ नये, म्हणून तांब्यात आपलं पाणी घेऊन यायची. पण नातवाचं तोंड बघायच्या आधीच, गेल्या श्रावणात, ती वारली होती...

मालन धावली. खोलीत ओव्याच्या धुरीचा वास भरला होता. सासूबाईंची कूस बदललेली, केस विंचरून घट्ट आंबाडा घातलेला. बाळ शांत झोपलेलं, आणि पाळणा अजून संथ हलत होता.

"सासूबाई... कोण आलं होतं?"

"विहीणबाई," म्हातारी सुखानं पुटपुटली. "आज आपणहून पाणी प्यायल्या. म्हणाल्या, नातू झाला, आता चालतं."

"आणखी काय म्हणाल्या?"

"मालन फार दमते, म्हणाल्या. दोघांतलं एक मी नेते... सांभाळायला."

पाळण्याखाली पितळी पेला पालथा ठेवलेला होता. मालननं तो माठातल्या पाण्यानं भरला, काठोकाठ, आणि होता तिथं ठेवला.

"पी गं आई. रोज ये, बस त्यांच्यापाशी. मी दमत नाही गं... पण जाताना एकटीच जा."

सासूबाईंच्या अंगावर गोधडी सारखी करून ती मागं वळली.

पेला पुन्हा पालथा होता. जमिनीवर पाण्याचा थेंबही नव्हता.